बर्फाच्या पावतीमागे

शेवटचा पेपर भूगोलाचा.
घरी न जाता सर्जेकोटच्या धक्क्यावर बसून
बाबांच्या बर्फाच्या पावतीमागे
मी सुट्टीतलं सगळं लिहून काढलं.
पहाटे पाचला उठणे. (लिहितानाच खोटं वाटलं.)
चौताल दुप्पट, न अडखळता.
पखवाजाची कणीक स्वतः मळणे, आईकडून नाही.
करंगळीचं काहीतरी करणे.
मोबाइल, आणि त्यापुढे नुसती रेघ.
सहावं खोडलंय, आता मलाही लागत नाही.
आणि सातवं, बारीक अक्षरात,
पावतीलाही कळू नये असं:
ठाय लयीत राहणे. पळू नये.

कारण हनुमान जयंतीला भजनात
गजर चढला आणि माझा हात सुटला.
टाळ मागे, पेटी मागे,
मी एकटी पुढे, नांगर तुटलेल्या होडीसारखी.
मेस्त्री बुवांनी गाणं थांबवलं नाही.
फक्त पाहिलं.
ओरडले असते तर विसरले असते मी.

त्या पावतीवर तीनशे चाळीस बाकी होते
हे मी बघितलंच नव्हतं.
दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर ती कारखान्यात परत गेली,
आणि पास्कू फर्नांडिस,
जो मे महिन्यातही स्वेटर घालतो,
त्याने हिशेब पाहून कागद उलटला.
तेव्हापासून भर लिलावात,
बांगड्यांच्या टोपल्यांवरून, सगळ्यांदेखत:
"काय गो कस्तुरी, पाचाक उठलंस?"
"करंगळेचा काय झाला?"
सातव्याचं मात्र कधी विचारलं नाही.
एकदा टोपल्या संपल्यावर एवढंच म्हणाला,
"रात्री ये. माझा मशीन पळणा नाय."

खरंच पळत नाही.
कारखान्यामागच्या भिंतीला टेकून बसलं
की जुना कंप्रेसर मणक्यात वाजतो,
धक्,
आणि मग इतका वेळ काहीच नाही
की वाटतं, विसरला,
आणि मग धक्.
त्या मधल्या रिकाम्या जागेत
माझी बोटं चुळबुळतात.
एखादं तिरकिट टाकावं, काहीतरी भरावं,
पाहुण्यांसमोर गप्प बसवत नाही तसं.

बाबा होडी बांधताना दोर थोडा सैल सोडतात.
ताणून बांधला तर भरतीला कडी उपटते.
मी विचारलं, किती सैल?
म्हणाले, "हाताक कळता."
कधी कळतं, ते नाही सांगितलं.

मे सरत आला.
पाचला तीनदा उठले, त्यातलं एकदा मांजरामुळे.
कणीक जमली, डावी पुडी आता पोटातून बोलते.
करंगळी होती तशीच.
होड्या किनाऱ्यावर ओढायला चार दिवस उरले होते
त्या रात्री लाइट गेली.

धक् झाला,
आणि पुढचा धक् आलाच नाही.
खाडीचा वास, लांब एक कुत्रं,
पाठीमागे भिंत गार आणि मुकी.
हात चालूच होते.
धा धा दिं ता, किट धा दिं ता,
तिट कत गदि गन,
आणि मधल्या जागा आपापल्या जागी,
कुणी न भरलेल्या.
किती आवर्तनं गेली, मोजली नाहीत.
मोजायचं सुचलंच नाही.

लाइट आली तेव्हा मशीनने आपली वाट आपण धरली.
मी कान लावला:
माझी चाल त्याच्यापुढे होती.
किंचित. पण होती.
बुवांना कळलं असतं.

पास्कू टॉर्च घेऊन आला,
आधी बर्फाच्या लाद्या बघून आला असणार,
हात ओले होते.
स्वेटरच्या खिशातून पावती काढली,
तीनशे चाळीसवर काट मारलेली,
उलटून सातव्यावर उजेड धरला.
"पेन आसा?"

माझ्याकडे नव्हतं.
त्याने खिसे चाचपले.
त्याच्याकडेही नव्हतं.