नववं पुस्तक

रात्रपाळीत फोन वाजत नाही तेव्हा
मी विनी थॉर्प वाचते.
एकसष्टाव्या वर्षी, कानांवर हेडफोन तसाच ठेवून,
डलुथच्या शेरीफ कचेरीत.
खाली सरोवरावर धुकं. लोखंडाची माती भरलेलं एक जहाज
मधूनच हंबरतं.

चर्चच्या तळघरातल्या विक्रीत मिळाली.
चाळीस पुस्तकं, अकरा डॉलर, वर ओलीचा वास फुकट.
खोक्याला दोरी बांधताना मिसेस हॉगन म्हणाल्या, "नातीला वाटतं?"
मी हो म्हटलं.
मला नात नाही.

विनी सोळाची. अजूनही सोळाचीच.
तिच्या गाडीतलं पेट्रोल संपत नाही.
डोक्यात दणका बसला की बेशुद्ध पडते
आणि पुढच्या प्रकरणात व्हरांड्यात बसून सरबत पिते.
मी बत्तीस वर्षं फोन घेतलेत.
डोक्याला मार लागलेली माणसं सरबत मागत नाहीत,
आज वार कोणता ते विचारतात.
सांगितलं की
पुन्हा विचारतात.

प्रत्येक पुस्तकात, तिसऱ्या पानावर, एकच वाक्य:
विनी चार वर्षांची असताना तिची आई वारली.
लहानपणी मी ते ओलांडून जायचे,
पायरीवर झोपलेलं मांजर ओलांडावं तसं.
चाळीस पुस्तकांत पोरीने मृत्युपत्रं शोधली, माणकं शोधली,
एक आख्खा घोडा शोधला.
त्या वाक्याकडे फिरकली नाही.
मी थांबते तिथे.
मग फोन येतो: गॅरेजमध्ये अस्वल शिरलंय.

डेल्फीन मार्टिनो आणि मी.
विषम आकड्यांची पुस्तकं माझी, सम तिची,
कचेरी तिच्या मागच्या जिन्याखाली.
तिच्या आईची पावडर चोरून
दुधाच्या बाटलीवरचे ठसे घ्यायचो.
दर वेळी दूधवालाच सापडायचा.

दहा वर्षांच्या होतो. जानेवारी.
नववं मी तिला दिलं: "वाच, सगळ्यात भारी आहे."
चौथ्या दिवशी ते आमच्या दारात, बर्फावर,
ब्रेडच्या कागदात नीट गुंडाळलेलं.
बेल वाजली नाही.
दहावं तिच्याकडे होतं. ते आलंच नाही.
मी रुसले. म्हटलं, मिळाली असेल हिला दुसरी कुणी.
चौकशी नाही, साक्षीदार नाही,
फाइल बंद.

आज पहाटे तीन वाजता, पान अठ्ठ्याऐंशी.
चोर सापडतो. ओजिब्वेंच्या राखीव वस्तीतला.
त्याला नाव दिलेलं नाही.
नाक दिलंय, केस दिलेत, दबकत चालणं दिलंय,
आणि विनी हसत वडलांना सांगते,
"तोंडावरूनच ओळखलं मी."

तोंडावरूनच.

डेल्फीनचे वडील गोदीवर कामाला.
दर बुधवारी तेच आम्हाला ट्रकमधून वाचनालयात न्यायचे,
आणि वळणावर विनीसारखा तीनदा भोंगा वाजवायचे,
आम्ही हट्ट धरला म्हणून.

ही ती प्रत नव्हे. शिक्का दुसऱ्याच शाळेचा.
पानाला दुमड नाही, डाग नाही, पुरावा म्हणावा असं काही नाही.
ती कुठल्या ओळीला थांबली, थांबली का,
सांगता येत नाही.
एवढंच सांगता येतं की हे पान
मी तिच्या आधी वाचलं होतं. दोनदा.
आणि मला आवडलं होतं.

समोरच्या यंत्रात तिचं नाव टाकलं
तर चाळीस सेकंदांत पत्ता येईल.
नियमात बसत नाही.
विनीने टाकलं असतं.
मी तीन अक्षरं टाकते. खोडते.

फोन वाजतो.
"काय झालं?" मी विचारते,
जे बत्तीस वर्षं अनोळखी माणसांना विचारत आले.
पलीकडे एक बाई. श्वास. मागे रेडिओ.
काही नाही, म्हणते, चुकून लागला.

तरी नोंद करावी लागते.
तीन सतरा.