तळपट

एर्झुरुमच्या इस्पितळात, मार्च सरत आला तेव्हा,
खिडकीखालचा बर्फ मळून काळपट झाला होता.
सेविलाय बाईंनी खुर्ची मागे घेतली,
म्हणाल्या, बघ.

शेहमुस. वय सत्तावीस.
मेणात बसवून कापलेला नखाएवढा तुकडा,
चांदीच्या क्षारात बुडवून काढलेला.
चांदी त्या एका पडद्याची कड काळी करते :
पेशींच्या पायाखालचं तळपटल,
जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याइतकी.

निरोगी फुप्फुसात वाटतं,
कुणी बारीक टाकानं प्रत्येक पोकळीभोवती रेघ ओढली
आणि हात न उचलता
परत सुरुवातीला आणून टेकवली.
रेघ कसली, विणच ती.
चौथ्या जातीच्या कोलॅजनची जाळी,
तिच्यावर हात पसरून क्रूसासारखं पडलेलं लॅमिनिन,
आणि दोघांना धरून ठेवणारं निडोजन,
ज्याचं नाव सहसा कुणी घेत नाही.
टाचणीचं कोण घेतं?

वरच्या पेशी मरतात. मरू देत.
शेजारून नव्या येतात रांगत,
लॅमिनिन चाचपत,
दिवे गेल्यावर आपण भिंत धरून चालतो तशा.
भिंत शाबूत असली
की घर पुन्हा उभं राहतं,
होतं तेवढंच पोकळ.

शेहमुस सोळाव्या वर्षी इस्तंबूलला गेला.
तळघर. खिडकीला घोंगडी ठोकलेली.
एका हातात नळी, नळीत वाळू, मागे कॉम्प्रेसर,
आणि समोर कोऱ्या करकरीत जीन्स,
ज्या जुन्या दिसायला हव्या होत्या.
मांडीवर थोडी, गुडघ्यावर जास्त.
तोंडाला फडकं.
रात्री तिथंच, त्याच कापडाच्या ढिगावर झोप.
दूरच्या कुठल्या शहरात कुणी आरशासमोर वळून
म्हणालं असेल, काय छान झिजलीय!

वाळूनं आतही तेच काम केलं.
राखणदार पेशींनी कण गिळले,
पचले नाहीत, फुटल्या,
आणि त्यांच्या पोटातल्या कात्र्या
सांडल्या त्या विणीवर.

मी तुटक्या जागा मोजायला लागलो.
चाळिसाच्या पुढे सोडून दिलं.
फटींतून तंतुपेशी आत शिरलेल्या.
त्या दुष्ट नाहीत हो, कष्टाळू आहेत,
फक्त त्यांना रफू येत नाही.
ठिगळ येतं.
ठिगळावर ठिगळ, ठिगळावर ठिगळ,
गुलाबी, घट्ट, भोवऱ्यासारखं फिरत गेलेलं,
हवेला टेकायलाही जागा न ठेवता.

जखम भरली, असं म्हणतो आपण
आणि सुटकेचा श्वास टाकतो.
पण ज्या अवयवाचं सगळं कसब
रिकामं राहण्यात आहे
तिथं भरणं म्हणजे काय,
हे मला त्या काचेवर कळलं.

आमच्याकडे भांडणात बोटं मोडून म्हणतात,
तुझं तळपट होवो.
इतकी वर्षं ऐकला हा शाप,
तो इतका नेमका असेल असं वाटलं नव्हतं.
सेविलाय बाईंना अर्थ फोडून सांगितला.
त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, आम्ही म्हणतो, तुझी चूल विझो.
मग चष्मा पुसत, जरा वेळानं :
चूल निदान परत पेटवता येते.

अहवाल घेऊन मी बाहेर आलो.
बाकावर शेहमुस, शेजारी भाऊ वेयसी,
दोन वर्षांनी धाकटा, त्याच तळघरातला.
त्यानं अजून एक्स-रे काढलेला नाही.
मला काय धाड भरलीय, म्हणतो,
कराकोचानचा वारा बाधलाय, एवढंच.

लिफ्ट बंद होती.
पहिल्या वळणावर शेहमुस थांबला,
खिशातून मोबाईल काढून बघत राहिला,
जणू कुणाचा निरोप आलाय.
वेयसी तीन पायऱ्या पुढे गेला होता.
तोही थांबला,
कठडा धरला,
आणि त्यानंही मोबाईल काढला.