एकेचाळीस मिनिटं, सतरा सेकंद

त्सिआलाने पेनड्राइव्ह रुमालात बांधून आणला,
सोन्याचा दात बांधावा तसा.
"झाउरी आहे यात. एकदाच.
तेवढा काढून दे, ओतार दगड घासून बसलाय."

आमच्या चिआतुरात माणसाचा चेहरा
शेवटी काळ्या दगडावर जातो.
आणि झाउरीचा फोटोच नाही.
चाळीस वर्षं त्याने रोपवेचे पाळणे वरखाली केले,
कॅमेरा दिसला की खांबामागे.

भाचीच्या लग्नाची कॅसेट, अठ्ठ्याण्णवची,
कुणीतरी कधीतरी संगणकात ओतलेली.
मी काळी खिडकी उघडते.
इथे बटणं नाहीत. हवं ते अक्षरांत मागायचं,
एक टिंब चुकलं की सरळ नकार.

आडवी रेघ, एस, एस,
मग तास, मिनिटं, सेकंद.
ही वेळ फाइलच्या नावाआधी लिहिली
तर यंत्र उडी मारून पोचतं.
नावानंतर लिहिली तर पहिल्यापासून चालत येतं,
सगळी भाषणं, सगळे प्याले, मेव्हण्यांचं भांडण,
एकेक चौकट उलगडून टाकून देत,
कुणाला काही न दाखवता.
उडी मला येत होती.
का कोण जाणे, चालतच आणलं.

पहिली चौकट निघाली: मिटलेले डोळे.
त्सिआला काही बोलली नाही.
मग अख्खा सेकंदच मागितला.

पंचवीस झाउरी.
नवव्यात कुणाचा तरी ग्लास त्याच्या नाकावर,
बाराव्यात नुसता कान,
सोळाव्यात नजर थेट समोर, पण तोंड अर्धवट उघडं.
बाविसावा शांत, देखणा,
भिंतीकडे बघणारा.

ओतार फोनवर म्हणाला, "बाविसावा पाठव.
उघडं तोंड दगडात बरं दिसत नाही.
आणि काळ्या दगडावरची रेघ आहे, त्सिआला,
मागाहून पुसून मिळणार नाही."

तिने पडद्यावर बोट ठेवलं, ठसा उमटला.
"सोळावा."
"अगं, तो काहीतरी बोलतोय त्यात."
"मलाच बोलतोय.
दार लाव म्हणतोय, वारा येतोय."

मी नाव दिलं, आकडा दिला, पाठवून दिलं.
पैसे घेतले नाहीत; तिने टेबलावर अक्रोड ठेवले,
सात की आठ, मोजले नाहीत.

जाताना तिने दुकानाचं दार लावलं.
दोन पावलं गेली,
परत आली,
ओढून पाहिलं.