व्यस्त, तपशील नाही

सकाळी सातला सोहारमध्ये फोन थरथरतो:
हेरंब, नाइट संपली.
त्यानं लिहिलेलं नसतं हे.
रास लफानच्या कंपनीनं रोस्टर टाकला एका खात्यात,
तिथून तो झिरपला त्याच्या खासगी खात्यात,
तिथून माझ्या.
त्याच्याकडे तेव्हा सहा वाजलेले.
मधे एक तास आहे, आणि थोडं आखात.

खलफाननं बसवून दिलं हे सगळं,
कॅन्टीनमध्ये, लुकैमातचा पाक बोटांना,
म्हणून करंगळीनं स्क्रीन सरकवत.
माझी तीन खाती: स्मेल्टरच्या शटडाउनचं, घरचं,
आणि ऋजुताच्या शाळेचं, ज्यात ईद कायम ‘अंदाजे’.
मी म्हटलं, एवढं सगळं ही दिवसभर एकमेकांना सांगत बसतात?
नाही सिस्टर, म्हणाला,
फक्त विचारतात, मागच्या खेपेनंतर काय बदललं?
सर्व्हर तेवढंच देतो, वर एक चिठ्ठी.
पुढच्या वेळी ती दाखवायची.

मागच्या खेपेनंतर काय बदललं.
हेरंब येतो तेव्हा विचारतो, गॅस आहे का, टायर बघितलेस का.
ऋजुता किती वाढली ते त्याला
दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीवरून कळतं.

माझे दिवस त्याला दिसतात राखाडी चौकोनांत.
ऑफिसच्या खात्यातून तपशील बाहेर पडत नाहीत.
व्यस्त. व्यस्त. दहा ते साडेअकरा व्यस्त.
एका चौकोनात मी हेल्मेट घालून भट्टीच्या झळेत उभी,
एकात नुसतीच पार्किंगमध्ये, एसी लावून,
फलज अल कबाइलच्या रस्त्याकडे बघत.
रंग तोच.

मग ते दोहाचं.
रविवार, दुपारी दोन, इंटरव्ह्यू, वेस्ट बे, नववा मजला.
मीच लिहिलं, घरच्या खात्यात, दोघांना दिसेल असं.
तीन आठवड्यांनी एका रात्री मीच पुसलं.
का, ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं:
ऋजुताला इथं अखेर एक मैत्रीण मिळाली होती,
आणि मला
स्वतःच्या किल्लीनं दार उघडायची सवय.
पुसलं की कळेलच त्याला, म्हटलं.
फोन कशाला.

खलफान नंतर म्हणाला, नुसतं पुसून भागत नाही,
पुसलंय हेही कळवावं लागतं.
नाहीतर दुसऱ्या टोकाला ती नोंद जगत राहते,
तिला काय ठाऊक.

त्या महिन्यात हेरंबनं फोन बदलला होता,
पासवर्डवर गाडी अडलेली.
रविवारी त्यानं रजा टाकली, कडक इस्त्रीचा शर्ट,
मला चकित करायचं म्हणून
पावणेदोनपासून त्या इमारतीखाली, हातात करक चहा.
सव्वातीनला फोन:
झाला का? मी खालीच आहे.
माझ्याकडे सव्वाचार. गणवेशाचं बटण लावत होते.
दोरा दातातच राहिला.

ओरडला नाही.
बऱ्याच वेळानं म्हणाला,
दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. बाल्कनी आहे.
मी त्याचे मागचे शुक्रवार उघडले.
तिथंही तेच. संध्याकाळी पाच ते सात, व्यस्त.

आणि चिठ्ठी फार जुनी झाली तर? मी खलफानला विचारलं.
तर सर्व्हर घेत नाही ती.
त्यात वाईट काही नाही, सिस्टर.
जवळचं सगळं टाकायचं आणि पहिल्यापासून मागायचं.
वेळ लागतो. पण येतं.

ईद अंदाजेची नक्की झाली तेव्हा तो आला.
ऋजुता झोपली. दोघांचे फोन स्वयंपाकघरात, चार्जिंगला.
मी म्हटलं, पहिल्यापासून सांगू? अकरा वाजून गेलेत पण.
त्यानं मनगट पाहिलं.
घड्याळ अजून दोहाचंच होतं.
सांग, म्हणाला, दहाच वाजलेत.