पक्का काळा

रात्रीचा शेवटचा खेळ, तिकीट अर्ध्या किमतीत.
वुच शहरातल्या जुन्या सूतगिरणीत आता थिएटर आहे;
माझी चुलतबहीण जिथे बॉबिन बदलायची
तिथे मक्याच्या लाह्या मिळतात.
सोबत शेजारचा त्सेझारी, वय सतरा,
आधीचे तिन्ही भाग पाठ असलेला.

अंधार झाला आणि तो कुजबुजू लागला:
ही रक्तपिपासूंची राणी नव्हे, राणीची दत्तक मुलगी,
हा तिचा बाप, म्हणजे खरा बाप नव्हे,
आणि तो लांडगा मागच्या भागात मेला होता.
मेला होता, मग?
म्हणजे मेला नव्हता.
बरं, म्हटलं. बघू दे.

कारण ती उडी मारत होती
सातव्या मजल्यावरून,
आणि तिचा कोट
अर्धा क्षण उशिरा निघाला होता,
रुसलेलं पोर आईमागून निघतं तसा.
अस्तर लाल. रेशीम नव्हे, व्हिस्कोज;
रेशमाला खाली येताना एवढा आळस नसतो.

एकतीस वर्षं मी रंगखात्यात काढली.
लोकांना वाटतं, काळा म्हणजे काळा.
अहो, काळ्याइतका खोटारडा रंग नाही.
उन्हात धरा, हिरवा निघतो, नाहीतर तपकिरी,
आणि स्वस्तातला असेल तर तिसऱ्या धुण्याला
जांभळा होऊन गळा काढतो.
आमचा मुकादम व्रुबेल म्हणायचा,
आधी खिडकीशी न्या, मग सही करा.
मी न्यायची.
डिसेंबरात खिडकीलाही उजेड नसायचा,
तरी न्यायची.

आणि इथे, त्या पडद्यावर,
निळ्या दिव्यात, राखेत, भिजलेल्या दगडी जिन्यावर
एक काळा दुसऱ्यासारखा नव्हता.
तिच्या चामड्याचा, ओल्या डांबरासारखा.
हातमोज्यांचा, कपात राहिलेल्या कॉफीसारखा.
आणि त्या म्हाताऱ्या सरदाराच्या मखमलीचा असा
की उजेड आत गेला
आणि परत आलाच नाही.

"आता कळलं ना, दगा कोणी दिला?"
नाही.
कोणीतरी दिला असेलच.
एवढ्या मोठ्या वाड्यात मेणबत्त्या कोण लावतं
तेही मला कळलं नाही,
चारशे तरी होत्या, आणि एकही ओघळलेली नाही.

गोळ्या सुटल्या. रिकामी काडतुसं
संगमरवरावर एकेक करून पडली;
पेटीत बॉबिन टाकताना व्हायचा तोच आवाज.
मग मोठा आरसा फुटला, सावकाश,
इतका सावकाश की तुकडे मोजता यावेत.
प्रत्येकात झुंबर होतं, जिना होता, लांडग्याचा जबडा होता,
ती कुठेच नव्हती.
"चूक नाही ती," त्सेझारी म्हणाला, "नियम आहे."
तेवढा नियम मला आवडला.

बाळा, गोष्टी माझ्याकडेही झाल्या.
संप झाला. गिरणीला कुलूप लागलं.
नवरा डॉर्टमुंडला गेला, दोन पत्रं आली,
दुसऱ्यात एका बाईचं नाव होतं.
दगा कोणी दिला ते तेव्हा मला नीट कळलं होतं.
पण डोक्यावर फडफडती ट्यूबलाइट होती,
भिंत पिस्त्याच्या रंगाची,
माझ्या अंगावर फुलाफुलांचा हाउसकोट,
आणि गॅसवर दूध उतू जात होतं.
कोणी पावसात उभं राहिलं नाही.
कथानक चोख होतं.
उजेडच धड नव्हता.

बाहेर आलो तेव्हा एक वाजून गेला होता.
स्टॉपवर तो मला वंशावळ समजावत होता,
बोटांवर मोजत, खरे बाप, खोटे बाप.
मी कोटाची दोन बटणं उघडून ठेवली.
वारा काही आला नाही.
ट्रॅम आली,
तिच्या दिव्यात मी बाही धरून पाहिली:
हिरवी.
"काय झालं?" त्याने विचारलं.
काही नाही. पुढचा भाग कधी आहे?