तोंडओळख

पहिले चार दिवस आरशातच गेले.
रुपयाएवढा आरसा, लांब दांडीचा;
त्यात पाहून हात पुढे न्यावा तर तो मागे जातो.
मगदूम सर म्हणाले, आरशाशी भांडू नका,
तोच बरोबर असतो.
गेल्या वर्षीचं रबरी डोकं श्वास घेत नव्हतं.
माणसं घेतात, आरसा धुकटतो.
तो गालाला आतून घासून घ्यायचा,
हे जिन्यात डबा खाता खाता एका सिनियरनं सांगितलं.

पाचव्या दिवशी लक्षात आलं, मी माणसं बघायची सोडलीय.
विश्रामबागच्या स्टॉपवरचा कंडक्टर:
खालचे पुढचे सहा, किटणात बुडालेले.
भडंगवाला: वरचा डावा सुळा, हिरडी खूप मागे.
मेसच्या काकू हसून म्हणाल्या, आमटी वाढू का?
मी मनात केसपेपर भरत होते.
रात्री इस्लामपूरहून आईचा व्हिडिओ कॉल.
अगं, माझ्याकडं बघ की.
बघतेय, म्हटलं.
तिच्या पुढच्या कॅपचा रंग चुकलाय.

हीच आई लहानपणी म्हणायची,
पाहुण्यांसमोर सारखे दात काढू नकोस.
आता टर्म संपेपर्यंत वीस काढायचे आहेत,
रजिस्टरात, सहीनिशी.
मुलं स्टँडवर जाऊन पेशंट शोधतात,
येण्याजाण्याचं तिकीट खिशातून देतात.

माझी आपणहून आली.
सुगलाबाई, मूळ गाव जतकडचं,
हळदीच्या गोदामात निवडायला जाते.
नखं पिवळी, दात मिश्रीनं काळे.
उजवीकडची खालची दाढ, पहिली.
तीन आठवडे एकाच बाजूनं भाकरी.

पहिलं इंजेक्शन फुकट गेलं.
दुसऱ्यानंतर ती म्हणाली,
अगं बाई, माझा ओठ कुटं गेला?
मी हसले नाही, मोजत होते.
चिमटा बसवला. गालाकडं, जिभेकडं, पुन्हा गालाकडं.
हाड जरा सैल होतं ते हाताला आधी कळतं,
कानाला नंतर.
मग एक आवाज आला, वाळली काडी मोडावी तसा,
आणि दाढ हातात आली.
मुळं दोन हवीत.
एकच होतं.

सर काही बोलले नाहीत. हातमोजे चढवले,
दुसरं मूळ चार मिनिटांत बाहेर.
रजिस्टरमध्ये दाढ माझ्या नावावर पडली,
वीसपैकी एक.
सुगलाबाईला सांगितलं, बोळा अर्धा तास घट्ट,
थुंकायचं नाही, गार खा.
बोळ्याआडून तिनं बोट दातांवर फिरवून दाखवलं:
कदी?
म्हटलं, आता कधीच नको.

रविवारी मार्केट यार्डापाशी कुणीतरी हाक मारली,
ए डाक्टरीन!
पिवळ्या धुळीतली एक बाई. मी ओळखलं नाही.
मग ती हसली,
उजवीकडं आत ती खिंड दिसली
आणि सगळं आठवलं, तारीख, डोस, केसपेपरचा नंबर.
कडा भरत आल्या होत्या. चांगल्या.

घरी गेल्यावर अंथरुणात विचार करायचा तो मी तिथंच केला:
माझ्या तोंडावर तर मास्क होता.
तुम्ही मला कसं ओळखलं?
डोळ्यांवरनं की, ती म्हणाली.
खुर्चीत आडवं पडल्यावर माणसानं दुसरं काय बगायचं?
मग जवळ येऊन, हळू आवाजात,
आतलं मोडलंवतं न्हवं?
सर लई बोललं का तुला?

नाही, म्हटलं.
तिनं मान हलवली, पटलं नसल्यासारखी.
तिच्या उजव्या हाताचं बोट काळं होतं.
मी खाली पाहिलं तसं ते पदरामागं गेलं.
मी पुन्हा वर पाहिलं,
तोंडाकडं.
गालावर एक जुना व्रण होता,
डोळ्यापासून कानापर्यंत.
केसपेपरवर तो नव्हता.