रिकामा रकाना

कॉलेज रोडवरच्या त्या हॉलमध्ये एसी बंद,
प्रोजेक्टर दोनदा निळा पडून उठलेला,
आणि सकाळी साडेदहाला बावीस संशोधक
उपम्याच्या प्लेटा मांडीवर सांभाळत
माझ्याकडे असे बघत होते
जसं विमा विकायला आलेल्या लांबच्या नातेवाइकाकडे बघावं.

म्हटलं, आधी तुमच्या फायलींची नावं सांगा.
लाजत लाजत एकेक बाहेर आलं:
फायनल. फायनल दोन. सरांनी बघितलेलं.
सरांनी परत बघितलेलं.
अश्फाक पिंजारी म्हणाला, माझी आहे 'आईशप्पथ शेवटची',
तेव्हा कुठे हॉल हसला
आणि मला वाटलं, चला, आता शिकवता येईल.

मग सांगितलं जे सांगायचं असतं ते.
तीन प्रती ठेवा, त्यातली एक घराबाहेर.
रकान्याच्या डोक्यावर एकक लिहा,
फूट की मीटर, हे तुमच्या डोक्यात ठेवू नका.
उद्या आपण नसू असं धरून लिहा.
(हे वाक्य हल्ली मी जरा भरभर म्हणते.)

म्हटलं, रामकुंडावर बघा,
गुरुजी गाव विचारतात, आडनाव विचारतात,
आणि लाल कापड सोडून
पणजोबांची सही समोर ठेवतात.
याहून चांगली सूची कुठली?
मागून मृण्मयी गांगुर्डे म्हणाली,
पण मॅडम, ती वही घरच्यांनाच दाखवतात.
मी मार्करला टोपण लावलं.
खरं होतं तिचं.

जेवणाच्या सुट्टीत तीच आली लॅपटॉप घेऊन.
गाइड वारले मागच्या वर्षी,
त्यांचा पेन ड्राइव्ह हिच्या वाट्याला आला.
पेठकडचा एक ओढा, अकरा वर्षांचं पाणी,
रोज सकाळी पट्टीवर बघून
सोपान बेंडकुळे नावाच्या माणसानं वहीत उतरवलेलं.
जुलैत एका वर्षी सलग सहा शून्यं.
त्या सहा शून्यांवर, मॅडम,
आमच्या पेपरचा एक अख्खा परिच्छेद उभा आहे:
ऐन पावसाळ्यात आटलेला ओढा.

मग तिनं मूळ वहीचा फोटो उघडला.
त्या तारखांपुढे आकडा नव्हताच.
पेन्सिलीनं, तिरकं:
'गेलो नाही. पोरगी तापली.'
'गेलो नाही.'
'गेलो नाही.'
सातव्या दिवशी निळ्या पेननं: साडेतीन फूट.

मधे कुणीतरी, कुठल्यातरी घाईत,
रिकामं बरं दिसत नाही म्हणून
शून्य भरलं होतं.

दुपारचं सत्र मी ठरवलेलं राहिलंच.
अश्फाक म्हणाला, वही स्कॅन करून सगळीच खुली करा,
लपवायचं काय त्यात?
कुणी म्हणालं, माणसाच्या घरातलं आहे ते, पुसा.
कुणी म्हणालं, पुसलं तर
रिकाम्याचं कारण कसं कळणार पुढच्याला?
माझ्या स्लाइडवर याचं उत्तर एका ओळीत होतं.
मी ती स्लाइड लावली नाही.

मृण्मयीनं फोन लावला, स्पीकरवर ठेवला.
पलीकडे कोंबड्या, मग खोकला, मग आवाज:
आकडे द्या की कुणालाही, सरकारचेच आहेत.
पोरीचं राहू द्या वहीत.
आणि ओढा आटला असं कुणी लिहिलंय?
खोडा ते.
कमरेएवढं पाणी होतं त्या दिवशी.
खांद्यावर घेऊन मी त्यातूनच तर नेली तिला
दवाखान्यात.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं,
पोरगी आता कशी आहे
हे बावीस जणांत कुणीच विचारलं नाही.
मीही नाही.

पाच वाजता प्रमाणपत्रं वाटायची होती.
त्याआधी तिनं ती सहा शून्यं पुसली, एकेक करून,
आणि रकाने तसेच ठेवले, पांढरे.
शेजारी टिपेच्या जागी कर्सर लुकलुकत राहिला बराच वेळ.
मग तिनं टाइप केलं:

निरीक्षक हजर नव्हता.
पाणी होतं.